फोनला कव्हर लावायचं का? आधी कोपरे बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ४५ हजारांचा नवा फोन घेतलाय, पुढे अमोलेड (एलसीडीहून महागातल्या जातीचा) डिस्प्ले आणि मागेही काच. मिस्टर म्हणतात, कव्हरने फोन तापतो, नेटवर्क कमी होतं आणि कंपनीने एवढी मजबूत काच दिलेली असताना वरून रबर कशाला चढवायचं? दुकानदार १,८०० रुपयांचं ‘मिलिटरी ग्रेड’ कव्हर गळ्यात मारायला बघतोय. तुम्ही रोज घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येता, पुढे रिक्षा. आणि जाता जाता सासूबाईंच्या साध्या फोनला कव्हर हवं का, हेही विचारलंत.

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तुमच्या फोनला कव्हर लावाच. पण १,८००चं नको, २५० ते ४०० रुपयांत मिळणारं मऊ आणि उंच काठाचं कव्हर पुरेल. तापण्याबद्दल मिस्टर म्हणतात ते अर्धं खरं आहे, नेटवर्कबद्दलचं जवळजवळ खोटं आणि काचेबद्दलचं अपुरं. सासूबाईंच्या फोनचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी.

माझं रिपेअरिंगचं टेबल ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला आहे. फुटलेला फोन समोर आला की गिऱ्हाईक मला काचेवरचं जाळं दाखवत असतं आणि मी फोन आडवा-उभा फिरवून फ्रेमचे चार कोपरे बघत असतो. बहुतेक वेळा एका कोपऱ्याला बारीक पोचा असतो आणि भेगा तिथूनच निघून पुढे पसरलेल्या असतात. सपाट फरशीवर तोंडघशी पडलेला फोन पुष्कळदा वाचतो, कारण मार सगळ्या काचेवर वाटला जातो. कोपऱ्यावर पडला की तोच मार नखाएवढ्या जागेत येतो, आणि काचेची कड हा तिचा सगळ्यात कच्चा भाग. त्यामुळे कव्हरचं खरं काम कोपऱ्यांशी आणि काठाशी आहे. पाठीवरचा वाघ, गणपती, चमकी, संगमरवरी डिझाइन ही हौस आहे. हौस करावी, पण तिच्यासाठी वेगळे पैसे मोजतोय हे माहीत असावं.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १ मीटरवरून सुटलेला फोन जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, म्हणजे तासाला १६ किलोमीटर. हा वेग शून्यावर यायला फोनला किती जागा मिळते, यावर पुढचं सगळं ठरतं. उंच आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो, ते याचसाठी. धातूची फ्रेम फरशीवर आपटली तर थांबायला १ मिलिमीटरही जागा मिळत नाही. तरी १ धरू. मग धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी हजारपट पडतो, म्हणजे २०० ग्रॅमच्या फोनवर त्या क्षणी २०० किलोचा भार. तोच कोपरा ३ मिलिमीटर दबणाऱ्या मऊ रबरात असेल तर भार ६५-७० किलोंवर येतो. प्रत्यक्षात धक्का असा सरळसोट नसतो, कमी-जास्त होत जातो, पण प्रमाण साधारण हेच राहतं. दोन मिलिमीटर जास्त मिळाले की मार एक तृतीयांश होतो.

म्हणून कव्हर विकत घेताना पाठ बघू नका. कोपरा अंगठ्याने दाबा. दबून परत वर आला तर ते कामाचं. दगडासारखा कडक लागला तर ते फक्त ओरखडे वाचवेल, पडण्यातून नाही. ‘स्लिम फिट’ नावाने मिळणारी कडक पॉलिकार्बोनेटची पातळ कव्हरं या दुसऱ्या जातीतली. दिसायला देखणी, पण कोपऱ्यावर पडली की स्वतः तडकतात आणि मारही आत पोचवतात. मऊ कव्हर बहुधा टीपीयूचं, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचं असतं. काहींच्या कोपऱ्यांत हवेची पोकळी ठेवलेली असते, ती खरोखर उपयोगी आहे. दुसरं बघायचं ते काठ. फोन कव्हरसकट पालथा ठेवा, काच टेबलाला टेकता कामा नये. तसाच उताणा ठेवा, कॅमेऱ्याची काच टेकता कामा नये. दोन्हीकडे जेमतेम १ मिलिमीटरची फट असली तरी पुरे.

आता मिस्टरांचा काचेचा मुद्दा. काच मजबूत असते, यात खोटं काही नाही. कॉर्निंग कंपनीची गोरिल्ला ग्लास असो वा तशी दुसरी, ती साधारण ४०० अंश सेल्सियसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले लहान सोडियम आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीने घुसतात. त्यामुळे काचेचा वरचा थर कायमचा आवळलेला राहतो आणि बारीक चीर पडली तरी ती उघडायला जोर लागतो. २०२० साली आलेल्या गोरिल्ला ग्लास व्हिक्टसबद्दल कंपनीने खडबडीत कठीण पृष्ठभागावर २ मीटरपर्यंतच्या पडण्याचा दावा केला होता. प्रयोगशाळेतली ती चाचणी प्रामाणिकच असणार. पण तो आवळलेला थर फार पातळ असतो. टोकदार खडा तो ओलांडून आत गेला की खालचा भाग ताणाखाली असतोच, आणि मग भेग कुठे थांबेल सांगता येत नाही. आपल्याकडे असे खडे शोधावे लागत नाहीत. घोडबंदर रोडच्या कडेला चालून बघा, मेट्रोच्या कामाची खडी आणि वाळू बुटाखाली करकरते.

वाळूचं आणखी एक. काठिण्याच्या मोह्स मापावर फोनची काच साधारण ६ वर येते आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे खिशात किल्ल्या असल्या तर फारसं बिघडत नाही, त्यांचं पितळ काचेहून मऊ असतं. पण शिवणीत अडकलेला वाळूचा एक कण काचेवर रेघ ओढतो. या बारीक रेघांना लोक नुसता दिसण्याचा दोष समजतात. पुढच्या पडण्यात भेग सुरू व्हायला काचेला एवढीशी जखमही पुरते.

खडीवर तोंडघशी पडलेल्या फोनला कव्हर वाचवू शकत नाही, हेही सांगितलं पाहिजे. काठ १ मिलिमीटर उंच आणि खडा ५ मिलिमीटरचा, मग काठ काय करणार? तिथे वर लावलेली टफन ग्लास उपयोगी पडते, कारण खड्याचा पहिला मार ती घेते आणि स्वतः फुटते. कव्हर आणि ग्लास ही जोडी आहे. ग्लासवर छापलेल्या ‘९एच’ला मात्र भुलू नका. तो पेन्सिलच्या काठिण्याचा आकडा आहे, मोह्सचा नाही. १०० रुपयांच्या ग्लासवरही तोच छाप असतो.

फुटल्यावर काय खर्च येतो, ते न बोलता कव्हरची चर्चा अर्धी राहते. काच, टच आणि डिस्प्ले आता एकत्र चिकटवलेले येतात, आम्ही त्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतो. साध्या एलसीडीचा फोल्डर अजूनही दीड-अडीच हजारांत बसतो. तुमच्यासारख्या फोनचा ओरिजिनल अमोलेड घ्यायचा तर सहा-सात हजारांपासून पुढे, कडेला वळलेली काच असेल तर आणखी वर. नुसती काच फुटली असेल आणि खालचं चित्र, टच ठीक असेल, तर मशीनवर काच सोडवून नवी बसवता येते. पण अमोलेडचं पॅनल नाजूक, काच सोडवताना गेलं तर गेलं. चांगला कारागीर हे काम घेण्याआधीच सांगतो. जो सांगत नाही, त्याच्याकडे फोन ठेवू नका. स्वस्तातला कॉपी फोल्डरही मिळतो. तो बसवल्यावर रंग उतरतात, बॅटरी लवकर संपते आणि डिस्प्लेखालचा फिंगरप्रिंट पुष्कळदा कायमचा बंद होतो. वॉरंटीत यातलं काहीच बसत नाही, पडून फुटणं वॉरंटीबाहेरच असतं. ३०० रुपयांपुढे हे सगळं ठेवून बघा.

आणि मी तर म्हणेन, पडल्यावर वाचवण्यापेक्षा मुळात पडू न देणं हे कव्हरचं मोठं काम आहे. काचेच्या पाठीचा फोन घामेजल्या हातातून निसटतो, सोफ्याच्या हातावरून आपोआप सरकत खाली येतो, किंचित उतरत्या टेबलावरही जागेवर थांबत नाही. मऊ कव्हरला पकड असते. माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या बोलण्यात ‘कुणी धक्का दिला’पेक्षा ‘हातातून सटकला’ हेच जास्त ऐकू येतं. वर्षभरात हेच कव्हर तेलकट, गुळगुळीत होतं आणि कोपऱ्यात सैल पडतं. सैल कव्हरमधला फोन पहिल्या आपटीत बाहेर उडतो आणि दुसरी आपटी उघड्या अंगावर घेतो. पारदर्शक कव्हर पिवळं पडतं, ते उन्हामुळे आणि उष्णतेमुळे. नुसत्या पिवळेपणाने काही बिघडत नाही. सैल झालं की मात्र बदला.

आता तापण्याचं. फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसरची आणि बॅटरीची उष्णता फ्रेममधून आणि पाठीतून बाहेर पडते. ॲल्युमिनियम उष्णता जितकी सहज वाहून नेतं, त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास टीपीयू नेतं. त्यामुळे कव्हर चढवल्यावर उष्णता आत जास्त वेळ रेंगाळते, हे मिस्टरांचं खरं. पण व्हॉट्सॲप, फोनवर बोलणं, रिझर्व्हेशन, बँकेचं ॲप यात फोन तापतच नाही, तर अडणार काय? फरक पडतो तीन वेळा: फास्ट चार्जिंग चालू असताना, तासभर गेम खेळताना किंवा व्हिडिओ कॉलवर, आणि उन्हात मॅप लावून ठेवल्यावर. ॲपलची स्वतःची सूचना आहे, की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा आणि चार्जिंगला लावल्यावर कव्हरमुळे तापत असेल तर आधी कव्हर काढावं. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात दुपारी ३५ अंश म्हणजे नेहमीचं. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कमी होतं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

म्हणून रात्री फास्ट चार्जरला लावताना हाताला फोन गरम लागत असेल तर कव्हर काढून ठेवा. गरम लागत नसेल तर राहू द्या, उगाच रोज काढघाल केली तर कव्हरच लवकर सैल होतं. उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करण्याने फोन जितका तापतो, त्यापुढे कव्हरचा दोष किरकोळ आहे. कव्हरमागे शंभराची नोट, रेल्वेचा पास, आधारची झेरॉक्स आणि देवाचा फोटो असा संसार मांडलेला असतो, तो मात्र काढा. तो उष्णतेवर आणखी एक पांघरूण घालतो. वायरलेस चार्जिंग वापरत असाल तर कव्हरमागे एटीएम कार्ड किंवा गाडीच्या होल्डरची लोखंडी पट्टी अजिबात नको. चार्जिंग अडतं आणि ती पट्टीच तापते.

नेटवर्कचा मुद्दा लवकर आटपतो. प्लास्टिक, रबर, चामडं यातून रेडिओ लहरी सहज जातात. धातूची कड असलेलं कव्हर मात्र अडवतं, ते घेऊ नका. गर्दीच्या लोकलमध्ये नेटवर्क जातं त्याला स्टीलचा डबा आणि एकाच टॉवरवर आलेले शेकडो फोन कारणीभूत असतात. उलटी गोष्टही घडलेली आहे. २०१० साली आयफोन ४ची अँटेना बाहेरच्या धातूच्या पट्टीतच होती आणि तो एका विशिष्ट पद्धतीने हातात धरला की नेटवर्क पडायचं. तेव्हा ॲपलने त्या वर्षी जुलैमध्ये गिऱ्हाइकांना फुकट कव्हरं देऊ केली होती. नेटवर्क सुधारायला कव्हर! मिस्टरांना सांगा.

‘मिलिटरी ग्रेड’बद्दल एकदाच नीट सांगतो, कारण हा प्रश्न रोज येतो. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं उपकरणं तपासण्याच्या पद्धतींचं मानक आहे. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू साधारण १.२२ मीटरवरून, म्हणजे ४ फुटांवरून, वेगवेगळ्या बाजू, कडा आणि कोपऱ्यांवर २६ वेळा टाकतात. खाली काँक्रीट असतं, पण त्यावर २ इंच जाड प्लायवूड. आणि ते २६ वार पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे. लष्कर कुठल्याही फोन कव्हरवर शिक्का मारत नाही. कंपनीने स्वतः किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून चाचणी करून घ्यायची आणि खोक्यावर छापायचं. काही कंपन्या मन लावून करतात, त्यांची कव्हरं चांगली असतातच. पण गोखले रोडवरच्या टपरीतल्या ९९ रुपयांच्या कव्हरवरही तेच दोन शब्द असतात, आणि ठाणे स्टेशनच्या फलाटावर प्लायवूड अंथरलेलं नाही. शब्दांचे पैसे देऊ नका, कोपरा दाबून बघा.

तुमच्या रोजच्या प्रवासासाठी मी पट्टा सुचवेन. कव्हरमध्ये बसणाऱ्या पातळ चकतीला अडकवून गळ्यात किंवा खांद्यावरून घ्यायचा पट्टा शे-दोनशे रुपयांना मिळतो. महिलांच्या डब्यात आता बऱ्याच जणी वापरतात. चढता-उतरता गर्दीत फोन हातातून सुटला तरी लोंबकळतो, खाली जात नाही. दारात उभं राहून मात्र फोन वापरू नका. धावत्या गाडीतल्या प्रवाशांच्या हातावर काठीचा फटका मारून फोन पाडणारे रुळांलगत उभे असतात, त्यांच्यापुढे ना कव्हर कामाचं ना पट्टा. पट्टा असेल तर झटका उलट तुम्हालाच बसेल. आणि फोन गाडी-फलाटाच्या फटीतून रुळांवर गेला तर स्वतः उतरू नका. आरपीएफच्या जवानाला सांगा किंवा १३९ला फोन करा.

रिक्षात आणि स्कूटरवर वेगळंच दुखणं आहे, आणि ते कव्हरने सुटत नाही. हँडलला होल्डर लावून त्यात दिवसभर फोन ठेवणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात थरथर येते, फोकस लागत नाही, आतून खडखड ऐकू येते. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून लेन्स किंवा सेन्सर बारीक चुंबकांवर तरंगता ठेवलेला असतो. इंजिनाची सततची कंपनं त्याला बिघडवतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये हा इशारा जाहीरपणे दिला होता: मोटारसायकलवर फोन थेट लावू नका, मोपेड-स्कूटरवर लावायचाच तर कंपन शोषणारा होल्डर वापरा. डिलिव्हरीची पोरं येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो, की महागडा फोन खिशात ठेवा आणि मॅपसाठी जुना फोन हँडलला लावा. ऐकतात थोडेच.

पाऊस हा खरं तर वेगळा विषय, पण कव्हरशी त्याचं एक नातं आहे. फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असतं. त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. तो दर्जा नव्या, न पडलेल्या फोनचा, तोही गोड्या पाण्यातला. डिस्प्लेच्या कडेने चिकटपट्टीचं सील असतं. फोन कोपऱ्यावर आपटला, काच वाचली, तुम्ही सुटलो म्हणून श्वास सोडलात. पण फ्रेम केसभर वाकलेली असते आणि सील तिथे सुटलेलं असतं. जून उजाडला की असे फोन टेबलावर येतात. ‘पडला नाही, फुटला नाही, आयपी ६८ आहे, मग पाणी आत कसं गेलं?’ मी कोपऱ्यातला जुना पोचा दाखवतो. एकदा डिस्प्ले बदललेल्या फोनचंही तेच, मूळ सीलची खात्री राहत नाही. म्हणजे काचेच्या आधी कव्हर तुमचं सील वाचवतं. कव्हर स्वतः मात्र पाणी अडवत नाही, उलट आत शिरलेलं पाणी धरून ठेवतं. भिजलात तर घरी आल्यावर कव्हर काढा, दोन्ही पुसा. चामड्याचं कव्हर आपल्या पावसाळ्यात घेऊच नका, त्याला बुरशी येते.

आठवड्यातून एकदा कव्हर काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवा. आत अडकलेली धूळ आणि घाम मिळून फ्रेमचा रंग घासून काढतात. ‘कव्हर लावूनही फोनला ओरखडे कसे?’ असं विचारणाऱ्यांच्या फोनला ते कव्हरमुळेच पडलेले असतात. काढाल तेव्हा पाठीकडे एक नजर टाका. पाठ फुगलेली वाटली, काच फ्रेमपासून उचललेली दिसली किंवा कालपर्यंत नीट बसणारं कव्हर आज एका बाजूला बसेना, तर बॅटरी फुगतेय. कव्हर हा फुगवटा महिनोन्महिने झाकून ठेवतं. तसं दिसलं तर चार्जिंग बंद, दाबून परत बसवायचा प्रयत्न नाही, सरळ सर्व्हिस सेंटर.

पुढच्या ग्लासबद्दल एक सावधगिरी. तुमच्या फोनची काच कडेला वळलेली असेल तर दुकानदार यूव्ही ग्लास सुचवेल. त्यात पातळ गोंद ओतून निळ्या दिव्याखाली सुकवतात. हात सफाईचा नसेल तर तो गोंद कानाच्या स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत उतरतो. मग आवाज बारीक, बटण अडकलेलं, आणि ते साफ करायला फोन उघडावा लागतो. वळलेल्या काचेला त्यापेक्षा चांगली मऊ फिल्म लावा. सपाट काच असेल तर साधी पूर्ण गोंदाची ग्लास उत्तम. डिस्प्लेखाली फिंगरप्रिंट असेल तर ग्लास लावल्यावर बोट नव्याने नोंदवा आणि ग्लास तुमच्या फोनसाठीच बनलेली आहे ना, हे विचारून घ्या. २०१९च्या ऑक्टोबरात सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१०वर काही सिलिकॉनच्या आवरणांमुळे कुणाच्याही बोटाने फोन उघडत होता आणि कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून पाठवावं लागलं होतं. आता ती अडचण नाही, पण स्वस्त ग्लासने फिंगरप्रिंट अडखळतो, हे रोजचं आहे.

कव्हरशिवाय राहणारेही असतात आणि ते वेडे नसतात. फोन दिवसभर ऑफिसच्या टेबलावर आणि रात्री घरच्या टेबलावर, मधे गाडीच्या खणात, असं ज्यांचं आयुष्य आहे त्यांनी खुशाल उघडा वापरावा. ज्यांनी पडझडीचा विमा काढलाय आणि वर्षा-दोन वर्षांनी फोन बदलतात, त्यांनीही. सुंदर वस्तू झाकून ठेवायला पैसे मोजले नव्हते, हा मिस्टरांचा मुद्दा मला पटतो. त्यांचा फोन त्यांनी उघडा वापरावा. पण तुम्ही दिवसातून दोनदा गर्दीच्या लोकलमध्ये चढता.

सासूबाईंचा फोन तुम्ही लिहिलंय तसा प्लास्टिकच्या पाठीचा, एलसीडीचा, १०-११ हजारांचा आहे. प्लास्टिकची पाठ आणि फ्रेम स्वतःच थोडी दबते आणि फुटलाच तर फोल्डर स्वस्त. त्यामुळे पैशांच्या हिशेबाने कव्हर सक्तीचं नाही. पण वयस्कर माणसांच्या हातातून फोन जास्त सुटतो आणि फोन बंद पडला की त्यांची तारांबळ उडते, म्हणून पकडीसाठी एखादं १५० रुपयांचं रबरी कव्हर द्या. फ्लिप कव्हर नको. बोलताना झाकण मागे दुमडावं लागतं, काही फोनवर ते कानाजवळचा सेन्सर झाकतं आणि मग स्क्रीन काळी पडून फोन कट करता येत नाही. झाकणातल्या चुंबकाने मॅपची दिशाही चुकते. कव्हर घेताना चार्जिंगच्या तोंडाशी जागा मोकळी आहे ना बघा, जाड कव्हरमध्ये पिन अर्धीच बसते आणि जॅक सैल होतो. त्यांचा फोन हळू चार्ज होतो असंही तुम्ही लिहिलंय. नवी बॅटरी टाकण्याआधी जॅकमधला पदराचा आणि पर्सचा कापूस एखाद्या दुकानात साफ करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. घरी सुई घालून करू नका, आतल्या पिना वाकतात.